गोदेचा काठ कोणाचा?

आम्ही मोसमकाठच्या नामपूरचे. आमची मोसम मालेगावी गिरणेला मिळते. गोदेशी आमचा संबंध आला तो कामगार संघटनेच्या निमित्ताने. आज नाशिकला काठावर गोदापार्क आहे, फिरावयास पायवाटा आहेत, सुशोभनाच्या योजनाही निघत असतात. याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु या काठाला इतिहास आहे.

२ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद होते. तेव्हा मिरवणूक गोदेच्या घाटावर आली आणि सभा तेथे भरली. दादासाहेब गायकवाडांनी हा लढा पुढे काही वर्षे नेटाने चालविला. दरवाजांनी नाकारलेल्या माणसांना त्या दिवशी जागा दिली ती उघड्या घाटाने.

म्हणून काठाची नवी आखणी करताना फरशीची चकाकी पाहू नये. बुधवारच्या बाजारात भाजी विकणारी बाई, हमाल, पाळी संपवून आलेला कामगार तेथे निर्धास्त बसतो की नाही, हे पाहावे. पूर किती चढला हे नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून ओळखतात. काठ किती सुधारला हे या माणसांवरून ओळखावे.