शब्दाची पत : पांढरकवडा, एप्रिल १८१८

१/८
१७ एप्रिल १८१८. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ, शिवणी येथे, कर्नल ॲडम्सच्या फौजेने दुसऱ्या बाजीरावास गाठले. पेशव्याचे सैन्य उधळले गेले आणि नंतर बहुतेकांनी त्याची साथ सोडली. एवढी मोठी सत्ता इतक्या लवकर एकाकी कशी पडली? या प्रश्नाचे एक उत्तर ‘विश्वासार्हता’ या शब्दात आहे.

२/८
विश्वासार्ह म्हणजे विश्वास ठेवण्यास योग्य. मराठेशाहीत या गुणाची रूपे क्षेत्रागणिक निराळी होती. सावकाराची पत असेल तरच त्याची हुंडी परमुलखातील पेठेत वटे. ओसाड गाव पुन्हा वसवण्यासाठी सरकार रयतेला कौल देई. मागचा कौल पाळलेला असला तरच नव्या कौलावर माणसे येत. वतनाच्या तंट्यात गोतसभा शपथ घालून साक्ष घेई.

३/८
राजकारणात ही पत हमीवर ठरे. गायकवाडांचे कारभारी गंगाधरशास्त्री इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला. आळ पेशव्याचा मर्जीतला त्रिंबकजी डेंगळे याच्यावर आला. त्याला स्वाधीन करण्यात बाजीरावाने चालढकल केली. पुढे त्रिंबकजी ठाण्याच्या कैदेतून निसटला, तेव्हा पेशवाच त्याला आतून मदत करतो असा एल्फिन्स्टनचा ग्रह झाला. जून १८१७ चा जाचक पुणे तह या अविश्वासाच्या पायावर उभा राहिला.

४/८
नोव्हेंबर १८१७ मध्ये युद्ध पेटले. सातारा घेतल्यावर ११ फेब्रुवारी १८१८ रोजी एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला : वतने, इनामे, वर्षासने चालू राहतील, मात्र बाजीरावाच्या चाकरीतील लोकांनी दोन महिन्यांत घरी परतावे.

५/८
सरदारांपुढे आता दोन शब्द होते. रास्ते, पटवर्धन यांसारख्या जुन्या घराण्यांच्या सरंजामांवर बाजीरावाची वक्रदृष्टी त्यांनी अनुभवली होती. बापू गोखले २० फेब्रुवारीस आष्टीला लढता लढता पडले. पण सर्वांची निष्ठा तेवढी खोल नव्हती.

६/८
बाजीराव नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या आशेने चांद्याच्या रोखाने निघाला होता. मार्चमध्येच आप्पासाहेब कैद झाले. जाहीरनाम्याची मुदत ११ एप्रिलला संपली आणि सहाच दिवसांनी पांढरकवड्याचा प्रसंग ओढवला. पराभवाची लष्करी कारणे होतीच; पण पडत्या काळात माणसे टिकवून धरणारी पत आधीच सरली होती. ३ जून रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाखांचे निवृत्तिवेतन ठरले.

७/८
इंग्रजांचा शब्द तरी टिकला का? १८४८ मध्ये सातारा खालसा झाला. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबास निवृत्तिवेतन नाकारले गेले. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले आणि ज्या इनामांना १८१८ मध्ये अभय मिळाले होते, त्यांचेच हक्क तपासले जाऊ लागले. या असंतोषाचे पडसाद १८५७ मध्ये उमटले.

८/८
इतिहासलेखनातही हाच निकष लागतो. १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ हा एल्फिन्स्टनच्याच हाताखालचा अधिकारी. लढाईची तारीख, फौजेची वाटचाल याविषयी अशा माणसाची साक्ष मोलाची असते. पराभूताच्या नियतीविषयी तो बोलू लागला, की तीच साक्ष मराठी कागदांशी ताडून पाहावी लागते. एकच साक्षीदार एका प्रश्नावर विश्वासार्ह आणि दुसऱ्या प्रश्नावर पक्षपाती असू शकतो. बाजीरावाविषयीचे मत बनवण्यापूर्वी एवढे ध्यानात ठेवावे.