व्हिडिओ ईईजी देखरेख

व्हिडिओ ईईजी देखरेख ही प्रामुख्याने अपस्माराच्या (बोलीभाषेत फिट, आकडी किंवा मिरगी) निदानासाठी केली जाणारी तपासणी आहे. तीत रुग्णाला रुग्णालयात ठेवून त्याच्या मेंदूतील विद्युत लहरींचा आलेख आणि त्याच्या हालचालींचे चित्रीकरण एकाच वेळी, रात्रंदिवस नोंदवले जाते. हा मुक्काम सहसा तीन ते सात दिवसांचा असतो, परंतु झटका केव्हा येईल हे आधी सांगता येत नसल्याने तो लांबू शकतो.

पार्श्वभूमी

जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूचा विद्युत आलेख प्रथम नोंदवला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. बाह्यरुग्ण विभागातील नेहमीचा ईईजी सुमारे अर्धा तास चालतो. तेवढ्या वेळात झटका येण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे अपस्मार असूनही आलेख सामान्य येऊ शकतो. दीर्घ देखरेखीत प्रत्यक्ष झटक्याची नोंद मिळते. झटका अपस्माराचा आहे की मानसिक कारणाने येणारा किंवा हृदयविकारामुळे आलेली मूर्च्छा आहे, हे त्यावरून ठरवता येते. मानसिक कारणाने येणारे झटके हे सोंग नसते. मात्र त्यांवर अपस्माराच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या अपस्मारात शस्त्रक्रियेपूर्वी झटक्याचे उगमस्थान शोधण्यासाठीही ही तपासणी केली जाते. भारतात तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनल संस्था, बंगळूरची निम्हान्स आणि दिल्लीची एम्स येथे ही सोय आहे.

पूर्वतयारी

तयारीतील सर्वांत महत्त्वाची बाब औषधांची आहे. झटका नोंदवला जावा म्हणून औषधांची मात्रा अनेकदा कमी केली जाते, परंतु ते रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करायचे असते. घरी स्वतःहून गोळ्या बंद केल्यास झटके एकामागून एक येऊन जिवाला धोका निर्माण होऊ शकतो. फिनोबार्बिटोन आणि क्लोनाझेपाम यांसारखी औषधे कमी करताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची, मात्रा व वेळांसह, यादी सोबत न्यावी. त्यात मधुमेह, रक्तदाब किंवा आयुर्वेदिक औषधेही असावीत.

आदल्या दिवशी केस शाम्पूने धुऊन कोरडे करावेत. त्यानंतर तेल, कंडिशनर किंवा जेल लावू नये. केसांना रोज तेल लावण्याची सवय असलेल्या घरांत ही सूचना हमखास विसरली जाते. तेलामुळे इलेक्ट्रोड त्वचेला नीट चिकटत नाहीत. डोक्यावरून काढावे लागणारे कपडे टाळून पुढून बटणे असलेले सदरे किंवा गाऊन न्यावेत. बांगड्या, कर्णभूषणे व मौल्यवान दागिने घरी ठेवणे सोयीचे ठरते. आधीचे एमआरआय व ईईजी अहवाल, झटक्यांच्या तारखांची नोंदवही आणि नातेवाइकांनी मोबाइलवर घेतलेले झटक्याचे चित्रण डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मासिक पाळीच्या सुमारास झटके वाढत असतील, तर ते दाखल होण्याची तारीख ठरतानाच सांगावे.

रुग्णालयातील मुक्काम

तंत्रज्ञ डोक्याचे मोजमाप घेऊन ‘दहा-वीस’ पद्धतीनुसार सुमारे वीस इलेक्ट्रोड विशिष्ट पेस्ट किंवा कोलोडियन या चिकट द्रवाने बसवतात. केस कापावे लागत नाहीत आणि इलेक्ट्रोडमधून शरीरात वीज सोडली जात नाही. झटका आल्यास तातडीने औषध देता यावे म्हणून हातात सुई लावून ठेवली जाते. पलंगाला कठडे असतात. शौचालयात जाण्यासाठीही परिचारिकेला बोलवावे लागते. झटका आणण्यासाठी जागरण, दीर्घ श्वसन किंवा लुकलुकणारा प्रकाश यांचा वापर होतो.

सोबत राहणारी व्यक्ती शक्यतो झटका पूर्वी पाहिलेली असावी. झटक्याची चाहूल लागताच रुग्णाने किंवा तिने कळ दाबायची असते, म्हणजे आलेखावर त्या क्षणाची खूण होते. नंतर पांघरूण बाजूला करावे आणि कॅमेऱ्याच्या आड येऊ नये. रुग्णाला दाबून धरणे, तोंडात चमचा घालणे, कांदा वा चप्पल हुंगवणे हे प्रकार करू नयेत; त्यांनी झटका थांबत नाही, उलट इजा होऊ शकते. परिचारिका या वेळी रुग्णाला नाव विचारतात किंवा एखादा शब्द लक्षात ठेवायला सांगतात. त्याची उत्तरे उगमस्थान शोधण्यास मदत करतात. चघळणे, दात घासणे, डोके खाजवणे यांमुळे आलेखात झटक्यासारख्या लहरी उमटू शकतात. मोबाइलचा चार्जर पलंगापासून दूर ठेवावा.

धोके

पडणे, जीभ चावली जाणे, खांदा निखळणे आणि न थांबणारा झटका हे ज्ञात धोके आहेत. अशा विभागांतील हृदय-श्वसन बंद पडण्याच्या घटनांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आढळलेल्या अपस्मारातील आकस्मिक मृत्यूंपैकी बहुतेक रात्री झाले होते. त्यामुळे दाखल होण्यापूर्वी रात्री पडद्यासमोर प्रशिक्षित कर्मचारी असतो का, ही चौकशी करणे योग्य ठरते.

तपासणीनंतर

घरी पाठवण्यापूर्वी औषधे पुन्हा सुरू केली जातात. कोलोडियन ॲसिटोनने काढतात. पेस्टचे कण दोन-तीन वेळा केस धुतल्यावर जातात. मुक्कामात एकही झटका न आल्यास तपासणी पुन्हा करावी लागू शकते.