वेळूची पाठ

इंग्रजी अमदानीतली मासेमारीची काठी एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर सापडली, की पाहणाऱ्याचे लक्ष आधी तिच्या धातूच्या जोडनळ्यांकडे जाते, मग मुठीकडे, मग विलायती कंपनीच्या नावाकडे. ज्या वेळूची ती काठी झाली, त्याचे गाव कोणी विचारत नाही. ते विचारले, तर या साहेबी वस्तूचे माहेर आपल्याच देशात निघते.

चिरलेल्या वेळूच्या पट्ट्या चिकटवून गळाची काठी करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या ईस्टन गावच्या सॅम्युअल फिलिपी यांना दिले जाते. ते बंदुका बनवीत, व्हायोलिनेही बनवीत. काळ १८४०च्या दशकाचा. पुढे १८७०च्या दशकात हायरम लिओनार्ड यांनी सहा पट्ट्यांची काठी नावारूपाला आणली. या सगळ्यांच्या हाती असलेला वेळू कलकत्त्याच्या बंदरातून जाई, म्हणून तिकडे त्याचे नावच ‘कलकत्ता’ पडले. आपल्याकडचा भरीव किंवा नर वेळू तो हाच. हल्याळ-दांडेलीच्या पानझडी रानातही तो वाढतो. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची जागा चीनमधील ग्वांगडोंग प्रांताच्या ‘टोंकिन’ वेळूने घेतली. १९५० साली अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, तशी काचतंतूंची काठी पुढे आली आणि वेळूच्या काठीचे दिवस सरले.

तोवर ती साहेबांच्या सामानातून हिंदुस्थानात परतली होती. दक्षिण कॅनरात काम केलेले मद्रास इलाख्याचे सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी येथल्या मासेमारीवर लिहिलेला ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ साली प्रसिद्ध झाला. आपला उत्तर भाग तेव्हा मुंबई इलाख्यात जाऊन अकरा वर्षे झाली होती. या मंडळींचे सारे लक्ष महाशीर माशावर. सह्याद्रीतल्या महाशीराच्या ‘खुद्री’ या जातीचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्येच केले होते, तेही पुण्याच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून.

आता काठीच्या पोटात काय आहे ते पाहू. वेळू उभा चिरून त्याच्या सहा त्रिकोणी कामट्या काढतात. प्रत्येकीचा कोन साठ अंशांचा. त्या अशा चिकटवतात, की वेळूची पाठ सर्व बाजूंनी बाहेर राहावी. कारण वेळूचे तंतू सालीलगत दाट असतात आणि पोटाकडे विरळ होत जातात. सारा जोर पाठीत. ही गोष्ट आपल्याकडच्या बुरुडाला, कानडी मुलखातल्या मेदाराला, कोणा विलायती कारागिराने शिकवावी लागली नाही. टोपलीच्या काठाला तो पाठीचीच कामटी घेतो आणि पोटाकडचा भाग सोलून टाकतो.

म्हणून अशा काठीची डागडुजी करताना पहिला नियम एकच : पाठीला पॉलिश पेपर लावू नये. काठी चकचकीत होते खरी, पण तिचा जीव घासला जातो. दोरा ओवायच्या कड्यांमधली अंतरे आधी लिहून ठेवावीत. जुना रेशमी दोरा कडीच्या धातूच्या पायावर कापावा, वेळूवर पाते लागू देऊ नये. जुने व्हार्निश बोथट पात्याने हलक्या हाताने काढावे. जुन्या काठ्यांत जनावरांच्या कातड्या-हाडांचा सरस असे. आमच्या जोयड्याच्या पावसाळी दमट हवेत तो सुटतो आणि कामट्यांची तोंडे उघडतात. तिथे नवा सरस भरून सुती दोरा उलटसुलट आवळून बांधावा आणि पुरता वाळू द्यावा. काठीला बाक आला असेल, तर मंद उष्णतेवर शेकून हळूच सरळ करावी. घाई केली की वेळू करपतो. मग त्याच रंगाचे रेशीम जवळजवळ गुंडाळून व्हार्निशचे पातळ हात द्यावेत. हे काम पाऊस उलटल्यावरचे. नंतर काठी भिंतीला टेकवून न ठेवता टांगून ठेवावी आणि ओली असताना नळीत घालू नये.

काठीला लागू पडतो तोच नियम रानालाही लागू पडला असता, तर बरे झाले असते. दांडेलीचा कागद कारखाना १९५५ साली स्थापन झाला आणि १९५९ पासून कागद काढू लागला. आसपासच्या रानांतला वेळू त्याला अत्यल्प दराने मिळे. बुरूड-मेदारांना मात्र तोच बाजारभावाने घ्यावा लागे आणि पुढे तर मिळेनासा झाला. १९७०च्या दशकात माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्नाटकातल्या वेळूचा अभ्यास केला. तोड सोपी व्हावी म्हणून मजूर बेटाच्या बुडाशी असलेले काटेरी कुंपण साफ करीत. वनखात्यालाही त्यात बेटाचे भले दिसे. पण त्या काट्यांच्या आडच कोवळे कोंब वाढत. कुंपण गेले, कोंब गुरांनी आणि रानातल्या जनावरांनी खाल्ले, आणि बेटे वठत चालली. निरुपयोगी म्हणून खरवडून काढलेले आवरण हेच खरे बळ होते, हे तिथे उशिरा कळले.

नदीचेही तसेच. काळी आणि पांढरी नद्यांच्या संगमावरचे सुपे गाव धरणाच्या पाण्याखाली गेले. धरण १९८७ मध्ये पुरे झाले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले, गावकऱ्यांतले पुष्कळ रामनगरला वसले. महाशीराला वाहते पाणी आणि विणीसाठी खडे-वाळूचा तळ लागतो. जलाशयाच्या संथ पाण्यात त्याला तो मिळत नाही. दुरुस्त केलेली काठी घेऊन तिथे कोणी जाणार असेल, तर अभयारण्याचे नियम आणि परवानगीही आधी विचारावी.

काठी सांधता येते, कारण तिची पाठ शाबूत असते. तेवढी शाबूत ठेवायला विलायती पुस्तक लागत नाही. गावात अजून एखादा बुरूड कामट्या काढीत बसत असेल, तर सापडलेली काठी आधी त्याला दाखवावी. चिरलेला वेळू कुठे दबतो आणि कुठे तुटतो, हे तो बोटानेच सांगेल. आणि त्या निमित्ताने त्याला आता वेळू कुठून आणावा लागतो, तेही आपण विचारावे.