गोळी, टोपली आणि विलायत : इंग्रजी शब्दांत दडलेल्या जखमांची गोष्ट

१/
कटू निर्णय निमूटपणे घ्यावा लागला की इंग्रजी वर्तमानपत्रे ‘बाइट द बुलेट’ असे लिहितात. डबघाईला आलेल्या देशाला ती ‘बास्केट केस’ म्हणतात. इंग्रज माणूस परदेशात असताना मायदेशाचा उल्लेख लाडाने ‘ब्लाइटी’ असा करतो. या तिन्ही शब्दांचा इतिहास सैनिकांच्या जखमी शरीरांतून जातो. ती शरीरे कोणाची होती आणि शब्द पुढे कोणाच्या तोंडी गेले, हे सांगणारा हा थ्रेड.

२/
‘बाइट द बुलेट’चा शब्दशः अर्थ गोळी चावणे. त्यामागची प्रचलित कथा अशी : भूल देण्याची सोय नसल्याने रणांगणावर हातपाय कापताना जखमी सैनिकाच्या दातांत शिशाची गोळी दिली जाई. ही कथा बहुधा अमेरिकन यादवी युद्धाशी (१८६१-६५) जोडली जाते.

३/
मात्र तारखा या कथेला साथ देत नाहीत. ऑक्टोबर १८४६ मध्ये बोस्टन येथे ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्मचा वापर सुरू केला. यादवी युद्धातील बहुतेक मोठ्या शस्त्रक्रिया यांपैकी एखादे औषध देऊनच झाल्या. शिवाय उताण्या पडून तडफडणाऱ्या माणसाच्या तोंडात गोळी ठेवणे म्हणजे ती घशात अडकण्याचा धोका. त्यापेक्षा चामड्याचा पट्टा केव्हाही बरा.

४/
जुना लेखी पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जात नाही. तो शिक्षेच्या मैदानाकडे जातो. फ्रान्सिस ग्रोस या मिलिशियातील अधिकाऱ्याने १७८५ मध्ये इंग्रजी बाजारू बोलीचा कोश प्रसिद्ध केला. त्याच्या १७९६च्या आवृत्तीत ‘नाइटिंगेल’, म्हणजे बुलबुलासारखा गाणारा पक्षी, असा शब्द आहे. सैनिकी बोलीत त्याचा अर्थ फटके बसताना ओरडणारा शिपाई. काही पलटणींच्या ग्रेनेडियरांत न ओरडणे हा प्रतिष्ठेचा प्रश्न होता, आणि तोंडून आवाज फुटू नये म्हणून ते गोळी चघळत, अशी नोंद ग्रोस करतो.

५/
हे फटके नऊ दोऱ्यांच्या चाबकाचे असत. हॅलबर्ड नावाची, भाल्यासारखी लांब दांड्याची शस्त्रे त्रिकोणात उभी करून शिपायाला त्यांना बांधले जाई आणि सगळ्या पलटणीसमोर त्याची पाठ सोलली जाई. शिक्षा शेकडो फटक्यांची असू शके. १८४६च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या हाउन्स्लो येथे फ्रेडरिक व्हाइट हा शिपाई १५० फटक्यांनंतर काही आठवड्यांत मरण पावला. लोकक्षोभ उसळला आणि कमाल मर्यादा ५० फटक्यांवर आली. ब्रिटिश सैन्यातील ही शिक्षा रद्द व्हायला मात्र १८८१ साल उजाडले.

६/
भारतात याला एक विलक्षण वळण मिळाले. गव्हर्नर जनरल बेंटिंक यांनी १८३५ मध्ये कंपनीच्या देशी शिपायांसाठी फटक्यांची शिक्षा बंद केली. गोऱ्या शिपायांसाठी ती चालूच राहिली. १८४५ मध्ये हार्डिंग यांनी ती देशी फौजेतही पुन्हा आणली. तोपर्यंतची दहा वर्षे गोरा शिपाई फटके खात होता आणि काळा शिपाई त्यातून सुटला होता. राज्यकर्त्यांच्या जातीचा असला, तरी तो गरीब घरचा होता.

७/
मराठीत माणूस मूग गिळून गप्प बसतो, इंग्रजीत गोळी चावून. मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंग यांच्या ‘द लाइट दॅट फेल्ड’ (१८९१) या कादंबरीत हा प्रयोग आलंकारिक अर्थाने येतो. तिथे कोणाला फटके बसत नाहीत. संकटात भीती दिसू न देणे, एवढाच आशय उरतो. शंभर वर्षांत चाबूक गेला, चाबूक मारायला लावणारा गेला आणि सहन करणाऱ्याचे धैर्य तेवढे राहिले. जखमेवरून आलेल्या अनेक शब्दांचे असेच होते.

८/
पहिल्या महायुद्धाने असे आणखी दोन शब्द दिले. त्यांतला पहिला ‘बास्केट केस’. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेला सैनिक, ज्याला टोपलीत घालूनच न्यावे लागते, असा त्याचा मूळ अर्थ. अमेरिकेत अशा सैनिकांविषयी इतक्या वावड्या उठल्या की मार्च १९१९ मध्ये लष्कराच्या सर्जन जनरलच्या वतीने जाहीर खुलासा करावा लागला : आपल्या इस्पितळांत असा एकही रुग्ण नाही. या शब्दाचा सर्वांत जुना ज्ञात छापील उल्लेख हा असा नकाराचा आहे.

९/
पुढे शब्द माणसावरून देशावर गेला. ६ डिसेंबर १९७१ रोजी, बांगलादेशचे युद्ध चालू असताना, वॉशिंग्टनमधील एका बैठकीत राजनयिक अलेक्सिस जॉन्सन यांनी हा नवा देश आंतरराष्ट्रीय ‘बास्केट केस’ ठरेल असे म्हटले. ती आपलीच जबाबदारी असेल असे नाही, अशा अर्थाची पुस्ती हेन्री किसिंजर यांनी जोडली. हे शब्द पुढे कित्येक दशके बांगलादेशला चिकटून राहिले. हातपाय तुटलेल्या माणसाची उपमा देताना हातपाय कोणी तोडले, हा प्रश्न या बैठकीत कोणाला पडला नाही.

१०/
दुसरा शब्द ‘ब्लाइटी’. त्याचे मूळ मराठी वाचकाच्या घरातच आहे. अरबी ‘विलायत’ म्हणजे प्रांत, राज्य. भारतात त्याचा अर्थ परदेश आणि मग इंग्लंड असा झाला. आपण बॅरिस्टर व्हायला विलायतेला गेलो आणि मेक्सिकोकडून आलेल्या झाडालाही विलायती चिंच म्हणू लागलो. हिंदुस्थानी बोलीतील ‘बिलायती’ हे रूप भारतात नोकरी केलेल्या गोऱ्या सैनिकांच्या जिभेवर ‘ब्लाइटी’ झाले. त्यांच्या लेखी ते परदेशाचे नाव नव्हते, घराचे होते.

११/
१९१४ नंतर हा शब्द फ्रान्समधील खंदकांत पोहोचला आणि त्याला जखमेचा अर्थ चिकटला. ‘ब्लाइटी वन’ म्हणजे जीव जाणार नाही, कायमचे अपंगत्वही येणार नाही, पण इंग्लंडला परत पाठवावेच लागेल अशी जखम. पोटरीतून आरपार गेलेली गोळी हे नशीब मानले जाई आणि सोबती जखमीचे अभिनंदन करीत. जर्मन सैनिकांकडे आणि फ्रेंचांकडेही याच अर्थाचे शब्द होते. ज्या युद्धात जखम ही प्रार्थना होते, त्या युद्धाबद्दल आणखी काय सांगावे?

१२/
ही प्रार्थना स्वतःच्या हाताने पुरी करणे मात्र गुन्हा होता. स्वतःला जखम करून घेतल्याबद्दल या युद्धात ब्रिटिश सैन्यातील जवळपास ३,९०० जण दोषी ठरले. तीच गोळी शत्रूच्या बंदुकीतून आली तर भाग्य, स्वतःच्या बंदुकीतून आली तर तुरुंग. त्यामुळे हाताच्या जखमेकडे डॉक्टर संशयाने पाहू लागले, आणि हा संशय सर्वांच्या वाट्याला सारखा आला नाही.

१३/
१९१४च्या शरद ऋतूत भारतीय फौजा फ्रान्समध्ये उतरल्या. सवय नसलेल्या थंडीत, अनोळखी भूमीवर त्या थेट आघाडीवर गेल्या. पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्यात हाताच्या जखमा फार असल्याची कुजबुज सुरू झाली. लढाई टाळण्यासाठी हे शिपाई स्वतःच गोळ्या झाडून घेतात, असा आरोप होता.

१४/
आरोपाची तपासणी ब्रायटन येथे झाली. तेथील किचनर इस्पितळाचे प्रमुख कर्नल ब्रूस सीटन यांनी १९१५ मध्ये भारतीय सैनिकांच्या १,००० जखमांचे विश्लेषण केले. जखमांनी मोठ्या प्रमाणावरील आत्मघाताच्या आरोपाला पुष्टी दिली नाही. अफवेला उत्तर द्यायला एक हजार शरीरे मोजावी लागली.

१५/
आता या शब्दाकडे पुन्हा पाहावे. पंजाबच्या किंवा गढवालच्या शिपायाला जखम झाली की त्याला खरोखर विलायतेला नेत. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियन या राजवाड्यात, झुंबरांखाली त्याची खाट असे. पण त्याची विलायत त्याचे घर नव्हते. बरे झालेल्या अनेकांना पुन्हा खंदकांत धाडले जाई, आणि सेन्सॉरने वाचलेल्या त्यांच्या पत्रांत याच गोष्टीचे दुःख पुन्हा पुन्हा येते. शब्द त्यांच्या भाषेतला होता. त्यातली घरवापसी त्यांची नव्हती.

१६/
मराठा पलटणींची वाट वेगळी होती. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये टेसिफॉनच्या लढाईनंतर जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून बोटींत दाटीने कोंबून बसऱ्याला आणले गेले. हे हाल इतके भयंकर होते की १९१७ मध्ये चौकशी आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याने लंडनचे राजकारण हादरले. बसऱ्याहून जहाज सुटे ते मुंबईकडे. आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणून ओळखली जाणारी इमारत त्या काळात लष्करी इस्पितळ होती. कोकणातल्या किंवा देशावरच्या शिपायाची ‘ब्लाइटी’ ती होती. त्यासाठी वेगळा शब्द मात्र कोणत्याही कोशात शिरला नाही.

१७/
ब्रायटनजवळच्या टेकड्यांवर पांढऱ्या संगमरवराची एक छत्री आहे. जखमांनी दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचे दहन त्या जागी झाले. फेब्रुवारी १९२१ मध्ये तिचे अनावरण झाले. इंग्रजी कोशांत ‘ब्लाइटी’चा अर्थ आजही ‘घर’ असाच आहे. ज्यांच्या भाषेतून तो शब्द गेला, त्यांतले हे ५३ जण विलायतेतच राहिले.

(समाप्त)