डाळिंबाचा दाणा

२०११ साली अमेरिकेत कुमारवयीन वाचकांसाठी दोन कादंबऱ्या आल्या. एमी कार्टर यांची ‘द गॉडेस टेस्ट’ आणि मेग कॅबट यांची ‘अबँडन’. दोन्हींची नायिका आजच्या काळातली शाळकरी मुलगी. दोन्हींचा नायक पाताळाचा धनी. त्याच वर्षी जोसेफिन अँजेलिनी यांच्या ‘स्टारक्रॉस्ड’मध्ये ट्रॉयची हेलन नँटकेट बेटावरच्या शाळेत जाऊ लागली, आणि पुढच्या वर्षी ब्रोडी अ‍ॅश्टन यांच्या ‘एव्हरनीथ’ची नायिका पाताळातून सहा महिन्यांसाठी घरी परत आली. चार लेखिका, चार पुस्तकं, आणि तळाशी ग्रीकांच्या त्याच जुन्या कथा. हे असं का झालं याचं बाजारातलं उत्तर सोपं आहे. २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ने रक्तपिपासू नायकाला वर्गातल्या बाकावर आणून बसवलं, मग काही वर्षांनी तशा नायकांची गर्दी झाली आणि नवा अमर प्रियकर हवा झाला. त्याच २००५ मध्ये पर्सी जॅक्सनच्या पहिल्या पुस्तकाने ऑलिंपसचे देव मुलांच्या ओळखीचे करून ठेवले होते.

पण बाजार फार तर जागा करून देतो. त्या जागी नेमकी पर्सेफनीच का येऊन बसली, हे समजायला खूप मागे जावं लागतं.

डिमीटर या धान्यदेवतेचं ग्रीक स्तोत्र इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास रचलं गेलं. ओळी ४९५. मैत्रिणींबरोबर फुलं वेचणारी तिची मुलगी पर्सेफनी एका विलक्षण नार्सिससपाशी वाकते. ते फूल तिला भुलवण्यासाठीच उगवलेलं असतं. जमीन दुभंगते, पाताळाचा धनी हेडीस रथातून वर येतो आणि तिला उचलून नेतो. मुलगी बापाला हाका मारते. बाप म्हणजे झ्यूस, आणि त्यानेच हे लग्न ठरवलेलं असतं, आईला न विचारता. आई नऊ दिवस मशाली घेऊन, अन्नाला न शिवता भटकते. पुढे ती सगळं पीक मातीतच दाबून ठेवते, तेव्हा कुठे देवांना मुलगी परत पाठवावी लागते. निघताना हेडीस तिला डाळिंबाचा एक दाणा खायला देतो. तो पोटात गेला म्हणून वर्षाचा एक भाग तिला खालीच राहावं लागतं.

सासर आणि माहेर हे शब्द ज्या भाषेत आहेत तिला ही वाटणी समजावून सांगावी लागत नाही.

त्या दाण्यापाशी मात्र थांबायला हवं. स्तोत्राचा निवेदक सांगतो की हेडीसने तो गुपचूप दिला. थोड्याच वेळाने मुलगी आईला सांगते की त्याने तो आपल्याला बळजबरीने खायला लावला. एकाच कवनात एकाच घटनेच्या दोन साक्षी आहेत, आणि कवी त्यांचा मेळ घालत नाही. पुढे ऑव्हिड हा रोमन कवी ही कथा सिसिलीत, एन्नाजवळच्या सरोवराकाठी नेतो, आणि त्याच्या ‘मेटामॉर्फोसेस’मध्ये मुलगी बागेत फिरता फिरता स्वतःच डाळिंब तोडून सात दाणे खाते. तिला कोणी भरवत नाही, फक्त एकजण बघतो आणि चहाडी करतो. म्हणजे दाणा दिला, लादला की तिने आपण होऊन घेतला, हा प्रश्न इंटरनेटच्या पिढीने काढलेला नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच त्याची तीन उत्तरं लिहून झाली होती. कुमारवयीन प्रेमकादंबऱ्यांचा हा सगळा वंश माझ्या मते या एका प्रश्नावर वाढला आहे.

ज्या मुलींसाठी ही कथा होती त्या हिच्याकडे कशा बघत असतील, याचा एक पुरावा दक्षिण इटलीत सापडला. लोक्री या ग्रीक वसाहतीत पर्सेफनी विवाहाची देवता होती. तिच्या ठाण्यावर इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात वाहिलेल्या भाजलेल्या मातीच्या पाट्यांचे हजारो तुकडे मिळाले. काहींवर मुलीला रथातून पळवलं जातंय. काहींवर तीच मुलगी हेडीसच्या शेजारी सिंहासनावर राणीच्या डौलात बसली आहे. लग्नाआधी मुली अशी पाटी वाहत असाव्यात, असं अभ्यासक मानतात. अनोळखी घरात जाण्याची भीती आणि त्या घराची मालकीण होण्याची ओढ, दोन्ही एकाच देवळात. आजची सोळा वर्षांची वाचक त्या कादंबऱ्यांत जे शोधते ते यापेक्षा फार वेगळं आहे असं मला वाटत नाही.

या कुळाची दुसरी शाखा आफ्रिकेतून आली. मादाउरा, आजच्या अल्जीरियातलं गाव, हे अप्युलिअसचं जन्मस्थान. दुसऱ्या शतकातल्या या लेखकावर एका श्रीमंत विधवेला जादूने वश करून लग्न केल्याचा खटला भरला गेला होता, आणि त्याने केलेला बचाव आजही वाचायला मिळतो. त्याच्या लॅटिन कादंबरीत दरोडेखोरांच्या गुहेत एक म्हातारी, पळवून आणलेल्या नवरीला धीर देण्यासाठी, सायकीची गोष्ट सांगते. ऐकणारी स्वतःच अपहृत आहे, हे विसरू नये. सायकीला सांगितलं जातं की तिचा नवरा राक्षस असणार. तो रात्रीच येतो, आणि त्याला बघायचं नाही अशी अट असते. ती दिवा लावते, तेलाचा थेंब त्याच्या खांद्यावर पडतो. तो प्रेमदेव क्यूपिड असतो, आणि निघून जातो. अँड्र्यू लँग यांनी १८८४ मध्ये या गोष्टीशेजारी आपल्या उर्वशी-पुरूरव्याची कथा ठेवली होती. तिथेही न बघण्याची अट, तिथेही प्रकाश पडताच ताटातूट. फक्त जाणारी उर्वशी आहे.

मग सायकीला सासू छळते. सासू म्हणजे साक्षात व्हीनस. धान्याचा मिसळलेला ढीग निवडून दे, यासारखी एकाहून एक अशक्य कामं ती पुढे टाकत जाते. भोंडल्याच्या गाण्यांत माहेरी जाऊ मागणाऱ्या सुनेला अशीच कामामागून कामं लावतात. शेवटचं काम पाताळात जाऊन पर्सेफनीकडून सौंदर्याची डबी आणण्याचं. इथे दोन्ही शाखा एकमेकींना भेटतात, आणि ती भेट मला फार प्रिय आहे. पर्सेफनीच्या घरी सायकीला मऊ आसन आणि पंचपक्वान्नं मिळणार असतात. पण तिला आधीच बजावलेलं असतं की जमिनीवर बस आणि साधी भाकरी माग. ती तसंच करते. पहिल्या मुलीला जो दाणा नडला, त्याची खबर दुसरीपर्यंत पोचलेली आहे.

सायकीच्या शाखेचा पुढचा प्रवास सरळ आहे. फ्रान्समध्ये १७४० साली मादाम द व्हिलनव्ह यांनी सुंदरी आणि पशूची लांबलचक कथा लिहिली. १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ती छाटून आपल्या शिकवणीच्या पुस्तकात घातली. त्या लंडनमध्ये मुलींना शिकवत. राक्षसाशी प्रेम ही गोष्ट ठरवून कुमारवयीन मुलींच्या हातात पडली ती इथे. पशूच्या जागी रक्तपिपासू येईपर्यंत मग अडीचशे वर्षं गेली, पण साचा तोच राहिला.

पर्सेफनीच्या शाखेत मात्र एक माणूस हळूहळू बाजूला सरकत गेलं. आई. मेरी शेली यांनी १८२० मध्ये इटलीत या कथेवर छोटं पद्यनाट्य लिहिलं. आधीच्या दोन वर्षांत त्यांची दोन मुलं त्याच देशात दगावली होती. त्यांच्या नाटकात पाताळाचा राजा रंगमंचावर येतच नाही. सगळा अवकाश आईचा आणि मुलीचा. आजच्या कथांत तराजू दुसऱ्या बाजूला कलला आहे. एमिली व्हिटमन यांच्या २००९ मधल्या ‘रेडियंट डार्कनेस’मध्ये मुलगी आपल्या मर्जीने खाली जाते. न्यूझीलंडच्या रेचल स्माइथ यांची ‘लोर ऑलिंपस’ ही चित्रमालिका २०१८ मध्ये सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिला आयस्नर पुरस्कार मिळाला. तिच्यात रथाची गाडी झाली आहे. दारू चढलेल्या पर्सेफनीला दुसरंच कोणी हेडीसच्या गाडीत मागे टाकून जातं, आणि गाडी चालवणाऱ्या हेडीसला त्याचा पत्ताही नसतो. अपहरणाचा डाग पुसायची ही युक्ती हुशारीची आहे. मुलीच्या इच्छेला मान मिळाला याचा मला आनंदच आहे. स्तोत्रातल्या मुलीला कोणीही काही विचारलं नव्हतं. पण त्या मानाची किंमत बहुतेक वेळा आईने मोजली. शोधत फिरणारी डिमीटर आता मुलीला डांबून ठेवणारी, काळजीने जीव नकोसा करणारी बाई होते, आणि पाताळ ही सुटकेची वाट. हे मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून ‘द गॉडेस टेस्ट’ मला या पुस्तकांत वेगळी वाटते. तिच्या केटची आई कर्करोगाने मरणपंथाला लागलेली आहे. केट पाताळाच्या धन्याशी सौदा करते तो आईसाठी, दर वर्षी सहा महिने त्याच्या घरी राहण्याच्या बोलीवर. आईला वाचवायला निघालेल्या मुलीची ही कथा आहे, म्हणजे मूळ स्तोत्र उलट बाजूने वाचलेलं. भाषा साधीच आहे, कथानक कुठे कुठे घाईचं आहे, तरी लेखिकेला ही कथा कोणाच्या दुःखावर उभी आहे हे नीट कळलेलं आहे.

ते स्तोत्र आपल्यापर्यंत एकाच हस्तलिखितातून पोचलं. पंधराव्या शतकातली ती प्रत १७७७ साली मॉस्कोमध्ये सापडली, आणि आता ती नेदरलँड्समध्ये लायडनच्या विद्यापीठात आहे. तिचं एक पान फाटलेलं आहे. फाटलं आहे ते नेमकं मायलेकींच्या भेटीपाशी. आई धावत सुटते, मुलगी रथातून उडी टाकते, आणि तिथून पुढच्या ओळींचे तुकडेच उरतात. तरी त्या तुकड्यांतून आईचा पहिला प्रश्न लागतो. मुलगी अजून मिठीत आहे, आईच्या मनात पाल चुकचुकते, आणि ती विचारते, तिथे खाली तू काही खाल्लंस का?