साचेखात्याचा बंद दरवाजा

मुंबईत ताडदेवला कावसजी दावर यांची सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. तिथल्या नोकरभरतीची किल्ली जॉबरच्या हाती होती. दारावर जमलेल्या माणसांतून तो आपल्या गावचा, भावकीतला, ओळखीतला गडी उचली. साहजिकच खात्याखात्याला जातीचा आणि मुलखाचा रंग चढला. बाया वायंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायला, त्यांच्यावर नायकीण, म्हणजे बाई जॉबर. महार कामगार बहुतेक रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत. साचेखात्यात, म्हणजे विणकामात, अस्पृश्यांना घेत नसत. उक्त्या मजुरीमुळे चांगला पैसा मिळे तो नेमका तिथेच.

कारण पुढे केले जाई ते मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्याचे. त्यातली सुताची कांडी संपली की विणकर धोट्यात नवी कांडी बसवी, भोकाला ओठ लावी आणि श्वास ओढून सुताचे टोक बाहेर काढी. तोच धोटा मग दुसऱ्याच्या तोंडाला लागे. आपापसांतला उष्टा धोटा सवर्ण विणकर चालवून घेत. विटाळ होई तो अस्पृश्याच्या ओठांचा. खरे तर तोंड न लावता सूत ओवता येणारा धोटा अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप मागावर १८९० च्या दशकातच आला होता, आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ मध्ये तोंडाने सूत ओढण्याची पद्धत आरोग्यासाठी कायद्याने बंद केली. मुंबईत मात्र साधे मागच चालत राहिले. अडचण यंत्राची असती तर तोडगा हाताशी होता.

१९२८ च्या सहा महिन्यांच्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली. संपाच्या पुढाऱ्यांनी ती आपल्या मागण्यांत घेतली, पण नाखुशीने. मालकांनी हात झटकले: हा अन्याय असलाच तर आमचा नव्हे. अर्धे खरे आणि पुरते सोयीचे असे हे उत्तर होते. जॉबर, सोबतचे विणकर आणि रूढी मिळून दार बंद ठेवत असताना मालकाला वेगळा हुकूम काढावा लागतच नव्हता.

रेल्वेत धोटा नव्हता, तरी चित्र तेच. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला अस्पृश्य रेल्वे कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ते उलगडून दाखवले. हे कामगार वर्षानुवर्षे रुळांवर राबणारे गँगमनच राहत. साधे पोर्टरही होऊ शकत नसत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही लावी आणि अस्पृश्य घरात चालत नसे.