दरवाजावरच्या दोन याद्या



कारखान्याच्या दरवाजावर दोन प्रकारच्या याद्या असू शकतात. पहिल्या यादीत ज्यांना आत घ्यायचे नाही त्यांची नावे असतात, बाकी सर्वांना वाट मोकळी. दुसरीत ज्यांना आत घ्यायचे त्यांचीच नावे असतात, बाकी सारे जग बाहेर. पहिलीला आम्ही मज्जावाची यादी म्हणू आणि दुसरीला मुभेची यादी. या दोन याद्या आज पतपेढीच्या, दवाखान्याच्या आणि शाळेच्या प्रत्येक संगणकात बसलेल्या आहेत. संगणकावर पहारा करणारे जे सॉफ्टवेअर असते, ज्याला लोक अँटिव्हायरस म्हणतात आणि धंद्यातले लोक एंडपॉइंट सिक्युरिटी म्हणतात, ते कोणता प्रोग्रॅम चालू द्यावा आणि कोणता अडवावा हे या याद्या पाहून ठरवते.

हा विषय इंजिनियरांचा असताना युनियनच्या माणसाने त्यात का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण रात्रशाळेत आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटात झाले, हे खरे. परंतु याद्यांचा अनुभव कामगारांना इंजिनियरांहून जुना आहे, आणि त्या अनुभवाचा या नव्या पहारेकऱ्याला उपयोग आहे असे आम्हांस वाटते.

मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करू. गिरणीत माणूस घेण्याचे काम एके काळी जॉबराच्या हाती होते, आणि बायकांच्या खात्यात नायकिणीच्या हाती. यादी कागदावर नव्हती, ती जॉबराच्या डोक्यात होती. त्याच्या गावचा, त्याच्या ओळखीचा, त्याला दस्तुरी देणारा माणूस आत जाई आणि इतरांना दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे राहावे लागे. १९२९ साली नेमलेल्या शाही मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. पुढे १९३५ मध्ये गिरणी मालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची योजना आणली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्ड मिळे, आणि रिकाम्या जागेवर आधी कार्डवाल्यांना घेतले जाई. ही कागदावरची मुभेची यादीच होती. जॉबराच्या लहरीपेक्षा ती बरी, कारण ती दिसत होती. आणि जे दिसते त्याबद्दल जाब विचारता येतो.

न दिसणारी यादी काय करते, याचे ठळक उदाहरण इंग्लंडमधले आहे. २००९ च्या फेब्रुवारीत तेथील माहिती आयुक्तांच्या अधिकाऱ्यांनी ‘कन्सल्टिंग असोसिएशन’ नावाच्या एका संस्थेच्या कचेरीवर छापा घातला. आत सापडली बांधकाम कामगारांची कार्डे, ३,२१३ माणसांची. कोणी सुरक्षिततेबद्दल तक्रार केली होती, कोणी युनियनचे काम केले होते. चाळीसहून अधिक बांधकाम कंपन्या वर्गणी भरून नवा माणूस घेण्यापूर्वी त्याचे नाव तेथे तपासून घेत. ज्यांची नावे कार्डावर होती त्यांना एवढेच ठाऊक होते की आपल्याला वर्षानुवर्षे काम मिळत नाही. कार्डावर कोणी लिहिले, कशावरून लिहिले, हे विचारण्यास वाव नव्हता, कारण कार्ड आहे हेच माहीत नव्हते. २०१६ पर्यंत कंपन्यांना तडजोडी करून भरपाई द्यावी लागली. गेलेली वर्षे मात्र कोणाला परत मिळाली नाहीत.

आता संगणकाकडे वळू. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून जगभर गेला. त्यात त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता व टेलिफोन नंबरही घातला होता! त्यानंतर व्हायरसांची रीघ लागली आणि त्यांना ओळखणारे प्रोग्रॅम आले. त्यांची रीत फौजदार चौकीतल्या फोटोंच्या पाटीसारखी होती: पकडलेल्या प्रत्येक व्हायरसाची खूण नोंदवायची, आणि फाइलीत ती खूण दिसली की फाइल अडवायची. आपल्या पुण्यातही १९९० च्या दशकात हे काम सुरू झाले. दहावीनंतर शिक्षण सोडून रेडिओ व कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी ‘क्विक हील’ याच धर्तीवर उभे केले. अशा प्रोग्रॅमचे ‘अपडेट’ म्हणजे मुख्यतः मज्जावाच्या यादीत पडलेली नवी भर.

परंतु या रीतीला मुळातच एक मर्यादा होती. फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने १९८४ मध्येच दाखवून दिले होते की, कोणताही प्रोग्रॅम व्हायरस आहे की नाही हे प्रत्येक वेळी बिनचूक सांगणारी युक्ती असूच शकत नाही. शिवाय पाटीवर फोटो लागतो तो चोरी झाल्यानंतर. पहिल्या घराला त्याचा उपयोग नसतो.

म्हणून काही विचारवंतांनी उलट बाजूने विचार केला. जेरोम सॉल्त्झर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात तत्त्व मांडले होते की, संगणकात प्रवेश हा परवानगीवर आधारावा, बंदीवर नव्हे. म्हणजे काही विसरले तर दार बंद राहील, उघडे राहणार नाही. २००५ साली मार्कस रेनम यांनी तेच रोखठोकपणे सांगितले: वाईट गोष्टींची गणती करत बसणे हा सुरक्षेतला एक महामूर्खपणा आहे, कारण वाईट गोष्टी अगणित आणि आपल्या कामाचे प्रोग्रॅम मोजके. मायक्रोसॉफ्टने २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये आणि पुढे २००९ च्या विंडोज ७ मध्ये मुभेच्या यादीची साधने दिली. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सुरक्षा विभागाने २०१७ मध्ये जे आठ मूलभूत उपाय सांगितले, त्यांतही ठरवून दिलेलेच प्रोग्रॅम चालू देण्याचा उपाय आहे.

मग प्रश्न मिटला काय? नाही. यादीत नाव घालायचे म्हणजे माणूस ओळखायचा कशावरून, हा पेच उरतोच. तो गिरणीच्या दरवाजावरून नीट समजतो. नुसत्या नावावरून आत सोडले, तर कोणीही ते नाव सांगेल. प्रोग्रॅमच्या फाइलीचे नाव बदलायला क्षणही लागत नाही. ‘मागच्या दाराने येणाऱ्यास अडवू नये’ असे ठरवले, म्हणजे अमुक फोल्डरमधल्या सर्व फाइलींना मुभा दिली, तर चोर त्याच दाराने येईल. जॉबराच्या शिफारशीवर सोडले, म्हणजे बनवणाऱ्या कंपनीची डिजिटल सही पाहून सोडले, तर सगळा भार त्या सहीवर पडतो. चौथा मार्ग अंगठ्याच्या ठशाचा. फाइलीतल्या सर्व अक्षरांवरून गणिताने एक आकडा काढतात, त्याला हॅश म्हणतात. एक अक्षर बदलले तरी आकडा बदलतो. हा मार्ग सर्वांत पक्का, पण प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की ठसा नवा, आणि यादी सांभाळणाऱ्याचे काम पुन्हा पहिल्यापासून.

शिफारशीवर विसंबल्याने काय होते ते २०१० मध्ये दिसले. इराणच्या अणुकेंद्रातील यंत्रांवर सोडलेला ‘स्टक्सनेट’ उजेडात आला, तेव्हा त्याच्या काही भागांवर तैवानमधल्या रिअलटेक व जेमायक्रॉन या दोन प्रतिष्ठित कंपन्यांच्या खऱ्या सह्या होत्या. त्या सह्यांच्या किल्ल्या चोरल्या गेल्या होत्या. त्याहून बोलके उदाहरण २०१३ चे. ‘बिट-नाइन’ ही कंपनी मुभेच्या यादीचेच सॉफ्टवेअर विकत असे. तिच्या जाळ्यात चोर शिरले, तिच्याच सहीने त्यांनी आपले प्रोग्रॅम सजवले आणि ते तिच्या तीन ग्राहकांकडे पोचवले. कारण काय? स्वतःच्या काही यंत्रांवर कंपनीने स्वतःचे सॉफ्टवेअर बसवलेच नव्हते. इतरांच्या दारी पहारेकरी पुरवणाऱ्याच्या स्वतःच्या दारी पहारेकरी नव्हता.

मज्जावाच्या यादीचा अपघातही तितकाच मोठा असतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअ‍ॅफी कंपनीच्या यादीच्या नव्या आवृत्तीत विंडोज एक्सपीची एक आवश्यक फाइल चुकून व्हायरस म्हणून नोंदली गेली. पहारेकऱ्याने इमानदारीने घरधन्यालाच अडवले, आणि असंख्य यंत्रे पुनःपुन्हा बंद पडून चालू होऊ लागली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख यंत्रे निळ्या पडद्यावर थांबली. ती फाइल साधी यादी नव्हती, संशयास्पद वर्तन ओळखण्याच्या नियमांची होती. पण कुळी तीच. आपल्याकडच्या काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दूरच्या एका कचेरीत यादी बदलली आणि रांग आपल्या गावात लागली.

हे मोठे अपघात वर्तमानपत्रांत येतात. लहान अपघात येत नाहीत, म्हणून आमच्या कामातला एक सांगतो. एका पतसंस्थेत हिशेबाचा प्रोग्रॅम फार हळू चालत होता. दुरुस्तीला आलेल्या कोणी तरी, कधी तरी, हिशेबाचे संपूर्ण फोल्डर तपासणीतून वगळले. प्रोग्रॅम पळू लागला आणि सर्व खूश झाले. काही वर्षांनी बिलाच्या नावाने आलेली एक फाइल त्याच फोल्डरमध्ये उतरवली गेली. पहारेकऱ्याने तिकडे पाहिले नाही, कारण त्याला न पाहण्याचा हुकूम होता. सकाळी सगळे हिशेब कुलूपबंद, आणि पडद्यावर खंडणीची मागणी. ठेवीदारांच्या पासबुकांवरून खाती पुन्हा उभी करण्यात दोन महिने गेले.

निलंबित कोण झाले? ज्या क्लार्कबाईंनी फाइल उतरवली त्या. बिले उतरवणे हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. चौकशीत त्यांच्या बाजूने आम्ही उभे राहिलो आणि एकच प्रश्न विचारला: फोल्डर वगळण्याची नोंद कोणी केली, कोणत्या कारणाने, आणि ती किती दिवसांसाठी होती? उत्तर मिळेना. सर्वांचा पासवर्ड एकच होता, म्हणून नोंदीपुढे कोणा माणसाचे नाव नव्हते, फक्त ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असा शब्द होता. चार महिने निम्म्या पगाराच्या निर्वाह भत्त्यावर काढल्यावर बाईंवरील आरोप मागे घेतला गेला. यादीला मालक नसला की दोष खाली खाली घसरत जातो आणि सर्वांत खालच्या खुर्चीवर येऊन थांबतो, हे आम्ही तेथे पाहिले.

या बाबतीत आपल्या न्यायालयाने एक चांगला धडा घालून दिला आहे. सरकारने एखाद्या ठेकेदाराला काळ्या यादीत घालण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये इरुशियन इक्विपमेंट कंपनीच्या खटल्यात सांगितले. यादीत घालणे ही कारकुनी नोंद नाही. त्याचे परिणाम माणसाला भोगावे लागतात, हे त्यामागचे तत्त्व. प्रोग्रॅमला अब्रू नसते, हे मान्य. पण प्रोग्रॅम अडवला की त्यावर काम करणारा माणूस अडतो, आणि नको त्या प्रोग्रॅमला सोडले की माणसाचीच ठेव जाते.

म्हणून संगणकाच्या दोन्ही याद्यांना आमच्या मते हजेरीपटासारखे चार रकाने असावेत. नोंद कोणी केली. कोणत्या कारणासाठी केली. कोणत्या तारखेला ती आपोआप रद्द व्हावी किंवा फिरून तपासावी. आणि चुकीने अडवले गेल्यास दाद कोणाकडे मागावी. मुभा देताना ती शक्य तितकी अरुंद असावी: फोल्डरापेक्षा फाइल बरी, नावापेक्षा सही बरी, सहीपेक्षा ठसा बरा. नवी यादी आली की ती आधी चार यंत्रांवर चालवून पाहावी, मग चारशेंवर. आणि यादी बदलण्याचा अधिकार ज्याला असेल त्याला त्याचा स्वतःचा वेगळा पासवर्ड असावा. यात खर्च थोडा आहे. शिस्त मात्र लागते.

२०२० मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने ‘काळी यादी’ व ‘पांढरी यादी’ हे शब्द सोडून मज्जाव आणि मुभा या अर्थाचे शब्द स्वीकारले. वाईट ते काळे आणि चांगले ते पांढरे, ही कल्पना त्यांना नको होती. हा बदल आम्हांस योग्य वाटतो. परंतु नाव बदलल्याने यादी आपोआप न्यायी होत नाही. इंग्लंडमधल्या त्या ३,२१३ कार्डांचा रंग कोणताही असता, तरी कार्डावरच्या माणसाला काम मिळालेच नसते.

श्रोत्यांपैकी पुष्कळ जण बँकेत, शाळेत, नगरपालिकेत किंवा दुकानात काम करतात. उद्या कचेरीत गेल्यावर त्यांनी संगणक सांभाळणाऱ्यास सभ्यपणे विचारावे की, आपल्या यंत्रांवर तपासणीतून काय काय वगळले आहे आणि ते कोणाच्या सहीने. उत्तर लगेच मिळाले तर त्या माणसाचे आभार मानावेत. न मिळाले तर प्रश्न लेखी द्यावा आणि पोच घ्यावी.